भेट देणाऱ्यांची संख्या

मंगळवार, १ जुलै २०२५

कम्युनिटी कॉलेजात प्रवेश घेतला. वेब डिझाइन अँड डेव्हलपमेंट. सहा महिने, शेवटी सर्टिफिकेट.

शिकवायला शिवकन्या मॅडम आहेत. केदारखेड्याहून बसने येतात. वय सव्वीस-सत्तावीस असेल. फॉर्म हातात घेऊन म्हणाल्या, "काका, मुलाला सोबत आणायचं ना, त्याची सही लागते." मुलगा चिंचवडला कंपनीत आहे आणि विद्यार्थी मी आहे, असं सांगितलं. त्यांनी वयाचा रकाना पुन्हा वाचला. सत्तावन्न. आकडा चांगला वळणदार काढला होता.

त्यांना अजून कल्पना नाही. भोकरदनमध्ये तेहतीस वर्षं बोर्ड रंगवतोय. दुकानं, ट्रक, शाळेच्या भिंती. फ्लेक्स आल्यापासून काम थोडं शांत आहे, एवढंच. पण फ्लेक्स एका उन्हाळ्यात पांढरा पडतो. सोसायटीच्या गोदामावरची माझी अक्षरं वीस वर्षांनी अजून वाचता येतात. आणि वेबसाइट म्हणजे तरी काय? काचेवरचा बोर्ड. अर्धा कोर्स मला आधीच येतो.

ठरवलं: रोज सराव. वर्गात चहासाठी उठायचं नाही. करणच्या आईला दिवाळीपर्यंत काही सांगायचं नाही. एकदम तयार वेबसाइटच दाखवायची.

रविवार, ६ जुलै, संध्याकाळी

करणच्या आईचा फोन. दर रविवारी येतो. नात झाली तेव्हा ती दोन महिन्यांसाठी चिंचवडला गेली. मागच्या वर्षीच्या मे महिन्यात. मीच पाठवली. सून नोकरीची, बाळाकडे कोणीतरी पाहिजे. माझी इथे बिलकुल गैरसोय नाही.

"जेवलात का?" विचारलं. जेवलो म्हणालो. (चहा आणि खारी. पोट भरलं म्हणजे जेवणच.) नेहमीसारखं म्हणाली, "तुम्हीच या की थोडे दिवस इकडं." काम आहे म्हणालो. तेवढ्यात नात रडली, फोन कट. नात अगदी वेळेवर रडते.

गुरुवार, १० जुलै

मला सात नंबरची मशीन मिळाली. आठ नंबरवर रेणुका नावाची मुलगी. बोलते फार. म्हणाली, "काका, माउस हाय तो, ब्रश न्हाई. मनगट कशाला फिरवून राह्यले?" सवय आहे म्हणालो.

मराठीचे फॉन्ट बघितले. एकातही 'श' धड नाही. मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, आधी पान तयार करा, 'श' नंतर बघू. तरुण पिढीचं असंच असतं. पाया सोडून वर बांधायचं.

गुरुवार, २४ जुलै

'साहेबराव आर्ट्स अँड वेब' हे शीर्षक आज पूर्ण झालं. अक्षरांना मागे सावली दिली. सूर्य डावीकडून. चार दिवस गेले. तेवढ्यात बाकीच्यांची तीन-तीन पानं झाली. पण त्यांच्या एकाही अक्षराला सावली नाही. बघणाऱ्याला फरक कळतो.

मंगळवार, ५ ऑगस्ट

पावसाने बस उशिरा, मॅडम उशिरा. लॅबचे अटेंडंट निजामोद्दीन यांच्याशी बसलो. रोज नऊला लॅब उघडतात, सगळ्या मशीन फडक्याने पुसतात, एकेक चालू करून बघतात, बंद करतात. वर्ग साडेअकराला. मधले दोन तास एकटेच. पूर्वी कुठे होते विचारलं तर म्हणाले, "इथंच. आधी टाइपराइटर पुसायचो, आता हे." त्यांची बायको सुगराबी जाऊन चार वर्षं झाली. मुली सासरी.

मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं. एकट्या माणसाचे फार हाल होतात.

गुरुवार, १४ ऑगस्ट

मोठा दिवस. पानाच्या तळाशी 'भेट देणाऱ्यांची संख्या' असा आकडा बसवला. पान कोणी उघडलं की एकने वाढतो. कोड मॅडमनी दिला, मी उतरवून घेतला. तो कसा मोजतो ते त्या फळ्यावर समजावत होत्या, पण मी आकड्याला चौकट काढत होतो. चौकट झाली तेव्हा फळा पुसलेला होता. तपशील आहे, कधीही समजून घेता येईल.

एका दुपारीत आकडा चारवर गेला. चार माणसं! दुकानात अख्ख्या आषाढात दोन आली. त्यातला एक पत्ता विचारायला.

गुरुवार, २१ ऑगस्ट

उद्या पोळा. वर्गाला गेलो नाही. केदारखेड्याच्या रामप्रसादने बोलावलं होतं. दोन वर्षांपूर्वी बैलजोडी विकली, आता पोळ्याला ट्रॅक्टरच पूजतो. बोनेटवर 'सर्जा' आणि मागे 'राजा' लिहून दिलं. म्हणालो, ट्रॅक्टर एकच आहे, नावं दोन कशाला? म्हणाला, "राजाला वाईट वाटंल ना."

आज वर्गात होस्टिंग नावाचा धडा होता. हा चुकवू नका, असं मॅडम तीनदा म्हणाल्या होत्या. ठरवलं: रेणुकाच्या वहीतून उतरवून घ्यायचा. फार तर अर्ध्या तासाचं काम.

सोमवार, २५ ऑगस्ट

वेबसाइट चालू झाली!!

सात नंबरवर जाऊन नुसतं दोनदा टिचकी मारली, उघडली. झटक्यात. रेणुका बिचारी अजून होस्टिंगचे फॉर्म भरून राह्यली. ईमेल, पासवर्ड, पुन्हा पासवर्ड. मी यातलं काहीच केलं नाही. तेहतीस वर्षांचा अनुभव कुठेतरी कामाला येतोच. तिची वही मागितली नाही. गरज नाही.

साइटचा पत्ता वरच्या पट्टीत दिसतो, तो वहीत उतरवला. लांब आहे. 'फाइल'पासून सुरू होतो, मग दोन टिंबं, तीन तिरप्या रेघा, मग सी, मग यूजर्स, मग स्टुडंट सात, असं करत करत शेवटी साहेबराव. बाकीच्यांचे पत्ते म्हणजे डब्ल्यू डब्ल्यू आणि दोन शब्द, झालं. माझ्यात फाइल आहे. भक्कम वाटतं. सरकारात बघा, फाइल असल्याशिवाय काम हालत नाही.

दिवाळीपर्यंत थांबवलं नाही. करणच्या आईला पत्ता व्हॉट्सअॅप केला. पाच मिनिटांत तिचा अंगठा आला. म्हणजे बघितली! आवडली!

आकडा नऊ.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

परवा गणपतीची सुट्टी. काल मंडळाच्या मागचा पडदा रंगवत होतो. म्हणजे साइटकडे मी दोन दिवस फिरकलो नाही. आज उघडतो तर नऊचे अकरा.

एक भेट करणच्या आईची. दुसरी बहुतेक करणची. तो काही बोलणार नाही, पण बघून जातो. माझ्यावर गेलाय.

गुरुवार, ४ सप्टेंबर

पानावर सरकती ओळ टाकली. बस स्टँडच्या बोर्डावर असते तशी, उजवीकडून येते, डावीकडे जाते. मॅडम म्हणाल्या, "काका, हे आता कुणी वापरत नाही." म्हणालो, बस स्टँडवर वापरतात.

'सर्व प्रकारचे बोर्ड व वेबसाइट करून मिळतील.' आणि त्याच्या खाली तशीच सरकती एक बारीक ओळ. ती गिऱ्हाइकासाठी नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल. आजची: 'चहाची गाळणी तुटली.'

फोनवर असलं काही सांगता येत नाही. गाळणी तुटली म्हणून कोणी फोन करतं का? आणि सांगितलं तर तिला वाटेल, बोलावून राह्यलेत. मी बोलावत नाही. माहिती देतोय.

सोमवार, ८ सप्टेंबर

निजामभाईंनी वर्गाआधी बोलावलं. कागदात गुंडाळलेली नवी गाळणी. म्हणाले, "बाजारात दिसली, दोन घेतल्या. एक तुम्हाला." काय योगायोग! साइटवरची ओळ काढून टाकली. आता दुसरी काहीतरी टाकतो.

रविवार, १४ सप्टेंबर

करणच्या आईचा फोन. गाळणीचं काही विचारलं नाही. त्यानंतर टाकलेल्या 'मधल्या खोलीचा बल्ब गेला' याबद्दलही नाही. आकडा रोज वाढतोय, म्हणजे रोज वाचते. बोलत नाही. स्वभाव. लग्नानंतर पहिले सहा महिनेही अशीच होती.

"जेवलात का?" जेवलो म्हणालो. (शेंगदाणे. गूळ होता.)

बल्ब निजामभाईंनी आणला. लॅबमध्ये जास्तीचा पडला होता म्हणे.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

आज धाडस केलं. खालची ओळ: 'गिरिजा, तुझ्या कढईत माझं काहीच जमत नाही. दिवाळीला ये.'

चौतीस वर्षांत तिला नावाने हाक मारली नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, तेही मावशीने पाठीत गुच्चा दिला म्हणून. तोंडाने आजही निघणार नाही. पण टाइप करताना कोणी बघत नाही. 'गिरिजा' चांगलं दिसतं. एवढा एक शब्द या फॉन्टला बराबर जमलाय.

आकडा सत्तावीस.

सोमवार, २२ सप्टेंबर

एकतीस! चार भेटी. वाचलं तिने.

निजामभाई चहा देताना म्हणाले, "गिरिजाभाभी दिवाळीला येऊन राह्यल्या का?" यांना नाव कसं माहीत? विचार केला. रेशन कार्डाची झेरॉक्स मी एकदा लॅबच्या मशीनवर काढली होती, तिथे बघितलं असणार. येतील म्हणालो. जवळजवळ ठरलंय.

ठरवलं: घराला चुना. स्वयंपाकघर आधी.

सोमवार, २९ सप्टेंबर

स्वयंपाकघर राहिलं. जास्त महत्त्वाचं काम निघालं.

केदारखेडा फाट्यावर राधाकिसनचं हॉटेल आहे. त्याच्या भिंतीची रस्त्याकडची बाजू पांढरी होती. दोन दिवसांत साइटचा अख्खा पत्ता रंगवला. पिवळी अक्षरं, लाल सावली, निळी जमीन. तिरप्या रेघा पट्टी धरून मारल्या. पत्ता भिंतीला पुरला नाही, कोपरा वळवून मोरीच्या बाजूला न्यावा लागला. जालन्याकडे जाणारी प्रत्येक गाडी आता वाचणार. चार माणसं थांबून बघत होती. एकाने विचारलं, "कोणत्या पार्टीचं हाय?"

राधाकिसन म्हणाला, "चित्र लई भारी, पण हे वाचायचं कुठून कुठपर्यंत?" म्हणालो, जमाना बदलतोय, कळेल.

रविवार, ५ ऑक्टोबर

करणच्या आईचा फोन. दिवाळीला जमणार नाही म्हणाली. सुनेला दोनच दिवस सुट्टी, पाळणाघर बंद, नातीला दात येऊन राह्यले. "तुम्हीच या."

मी म्हणालो, "वाचलं असंलच तू."

"काय वाचलं?"

"राहू दे."

"अहो, काय वाचलं?"

फोन मीच ठेवला. वीस वेळा तरी वाचलं असेल तिने. आणि विचारते, काय वाचलं! कढईचं वाचलं, नावाचं वाचलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा लिहिलेलं नाव वाचूनही विचारते, काय वाचलं.

जेवलो नाही. भूक नव्हती.

सोमवार, १३ ऑक्टोबर

काल फोन तीनदा वाजला. उचलला नाही. साइटवर लिहून टाकलंय: 'आता फोन उचलणार नाही. जे सांगायचं ते इथे सांगावं.' खाली संपर्काची चौकट केली. नाव, गाव, निरोप, आणि 'पाठवा' असं बटण. मॅडम म्हणाल्या, बटण अजून कशाला जोडलेलं नाही. सगळं जोडायलाच पाहिजे असं नसतं.

आकडा बावन्न. चौकट रिकामी. म्हणजे येते, वाचते, आणि काही न लिहिता जाते. तोंडावर दार लावल्यासारखं.

मंगळवार, २१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

कॉलेज बंद, म्हणून आकडा बघता येत नाही. सकाळी एकदा कॉलेजच्या फाटकापर्यंत फिरून आलो. सहज. व्यायाम.

दुकानातल्या ब्रशांची पूजा केली. अकरा ब्रश. दोन पणत्या. शेजारच्यांनी चकल्या दिल्या, जरा नरम होत्या.

संध्याकाळी निजामभाई आले. दर दिवाळीला फराळाला येत असावेत असे आले. पहिल्यांदाच आले. माझ्याकडे द्यायला काही नाही, म्हणून बाजारातून शेव-चिवडा तेच घेऊन आलेले. दोघांनी खाल्ला. बरं वाटलं. निघताना चपला घालता घालता म्हणाले, "भाई, फोन उचलत जा. समोरच्याचा जीव टांगणीला लागतो."

यांना कसं कळलं मी उचलत नाही ते? चेहऱ्यावर दिसत असेल. आरशात बघितलं. तसं काही दिसत नाही.

सोमवार, ३ नोव्हेंबर

कॉलेज उघडलं. दहा-बारा दिवसांच्या सुट्टीत आकडा फक्त दोनने वाढला. म्हणजे सणात तिने आठवणसुद्धा काढली नाही. मी जेव्हा कॉलेजात असतो तेव्हाच ती पण साइटवर असते. सुट्टी लागली की तीही गायब. विचित्र बाई आहे.

ठरवलं: मन कोर्सवर केंद्रित करायचं. सर्टिफिकेटला दोन महिने राहिले. सराव सुरू करायला हवा.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

लिहायचं नव्हतं. पण पान रिकामं ठेवायची सवय नाही.

मॅडम वर्गात आल्या त्या थेट सात नंबरपाशी. म्हणाल्या, "काका, केदारखेडा फाट्यावरची भिंत तुम्ही रंगवली का?" दीड महिना त्या बसच्या दुसऱ्या बाजूला बसत होत्या. आज इकडची खिडकी मिळाली. मला वाटलं, कौतुक करतायत. सावलीचा रंग कसा मिसळला ते सांगायला लागलो.

त्यांनी खुर्ची ओढली. हळू बोलल्या. म्हणाल्या, तो पत्ता इंटरनेटचा नाही. या मशीनच्या आतला आहे. घरातलं कपाट, त्यातला खण, खणातली पिशवी, असा. तो पत्ता जगात दुसऱ्या कुठेच उघडत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी वर्गात तेच शिकवलं होतं.

मी म्हणालो, असं कसं, माझी रोज उघडते. त्या म्हणाल्या, "सात नंबरवर बसून उघडता ना?" मग त्यांनी स्वतःच्या फोनवर पत्ता टाकून दाखवला. अख्खा पत्ता, तिरप्या रेघांसकट, मी वहीतून एकेक अक्षर सांगत होतो. पांढरं पान आलं. पुन्हा टाकला. पुन्हा पांढरं. रेणुका हसली, मग माझ्याकडे बघून तिने हसू आवरलं. म्हणाली, "काका, माझी बी पहिल्यांदा उघडली न्हवती." खोटं बोलत होती. तिची पहिल्याच दिवशी उघडली होती.

आकड्याचं विचारलं. मॅडम म्हणाल्या, या मशीनवर जो कोणी पान उघडेल त्याचा एक. ते त्या चौदा ऑगस्टला फळ्यावर सांगत होत्या.

म्हणजे गाळणी तिने वाचली नाही. बल्ब वाचला नाही. कढई वाचली नाही. नाव वाचलं नाही. मी चार रविवार फोन उचलला नाही आणि तिला कारणच माहीत नाही.

मॅडम म्हणाल्या, दहा मिनिटांत खरी इंटरनेटवर टाकून देते, सगळ्या जगाला दिसेल. मी म्हणालो, नको. आज नको. सगळ्या जगासाठी नव्हतं ते.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

एक गोष्ट जुळेना. आकडा सहासष्ट. वर्गाच्या वहीत माझ्या हजेऱ्या मोजल्या. रोज एकदा उघडली, पहिल्या दिवशी चारदा. कसंही धरलं तरी चाळीस. मग उरलेले सव्वीस कोण?

साडेनऊला लॅबमध्ये गेलो. कधी गेलो नव्हतो इतक्या लवकर. खोलीत सगळ्या मशीन काळ्या. एकटी सात नंबर चालू. समोर निजामभाई बसलेले, फडकं मांडीवर, चष्मा कपाळावर ढकललेला, ओळ सरकेल तशी मान उजवीकडून डावीकडे.

मला बघून उठले आणि स्क्रीन पुसायला लागले. स्वच्छ होता.

म्हणाले, "मशीन चालू करून बघावंच लागतं ना, भाई. तुमचं पान समोरच राहायचं, डेस्कटॉपवर. पहिल्या दिवशी चुकून उघडलं. मंग…" फडक्याची घडी घातली. म्हणाले, "चांगलं लिहिता. सकाळी इथं कोणी बोलाय राहात न्हाई. तेवढंच रोज काहीतरी नवं." आणि मग, "मला वाटलं भाभी वाचून राह्यल्या. म्हणून मी काही बोललो न्हाई. मियाँ-बीवीच्या मधात कोण पडतं?"

आम्ही दोघांनी चहा घेतला. त्यांच्या गाळणीतून. जोडीतली दुसरी लॅबमध्येच आहे.

रविवार, ९ नोव्हेंबर, संध्याकाळी सात

ठरवून बसलो. आज उचलायचा आणि सरळ बोलायचं. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं. मुद्दे तीन. पहिला, गैरसमज कसा झाला, तांत्रिक बाजू. दुसरा, कढई. तिसरा, नाव, जमलं तर.

वाजला. उचलला.

चार रविवार उचलला नाही त्याबद्दल ती ओरडेल वाटलं होतं. ओरडली नाही. म्हणाली, "जेवलात का?"

कागद हातात होता. म्हणालो, "न्हाई."

चौतीस वर्षांत या प्रश्नाला हे उत्तर तिने ऐकलं नव्हतं. मागे नात रडायला लागली. मला वाटलं, आता फोन कट. कट झाला नाही. नात रडतच होती.

म्हणाली, "कधीपासून?"

म्हणालो, "आकडा न्हाई माझ्याकडं."

नातीने सूर वाढवला. आवाज चांगला आहे पोरीचा. मग करणची आई म्हणाली, "मला वाटलं, तुमचं माझ्याबिगर बरं चाललंय. काम हाय, काम हाय म्हणत होते. मी कशाला मधात येऊ?" मी म्हणालो, थोडं काम असतं. ती म्हणाली, "या मंग. गुरुवारी निघा. ज्वारीचं पीठ आणा, इकडचं गोड लागत न्हाई."

मुद्दे राहिले. कागद जपून ठेवलाय.

गुरुवार, १३ नोव्हेंबर, बसमध्ये

कोर्स सोडलेला नाही. याची नोंद असावी. मॅडमना प्रोजेक्टसाठी रजा मागितली. साइट दुसऱ्या गावातून कशी दिसते याची टेस्टिंग करायची आहे. मॅडम म्हणाल्या, काका, ती दुसऱ्या गावातून दिसत नाही. म्हणालो, तेच तपासायचं आहे. हसल्या. रजा दिली.

काल फाट्यावर भिंत पुसायला गेलो होतो, चुन्याची बादली घेऊन. राधाकिसनने बादली धरून ठेवली. "राहू द्या ना! गिऱ्हाईक थांबतं, हे काय हाय म्हणून वाचतं, कोपऱ्यापर्यंत येतं आन् तिथं बसून चहा घेतं." त्याला सांगितलं की पत्ता चुकीचा आहे. म्हणाला, "कोणाला जायचंय तिथं?"

आत्ता बस तिथूनच गेली. वेगात पूर्ण वाचता येत नाही. पण सावली बराबर आलीय. सूर्य डावीकडून.

पिशवीत पाच किलो पीठ. ब्रश दोनच घेतले.

रविवार, १६ नोव्हेंबर, चिंचवड

तिसरा दिवस. वेबसाइटबद्दल कोणी विचारलेलं नाही. योग्य वेळ आली की मीच काढीन.

करणला पहिल्या दिवशी सहज विचारलं, माझी साइट बघितली का? म्हणाला, "कोणती साइट, बाबा?" करणच्या आईचा फोन बघितला. ऑगस्टमधला माझा पत्ता तसाच पडलाय, खाली तिचा अंगठा. वर दूधवाल्याचा मेसेज, त्यालाही अंगठा. सोसायटीत पाणी येणार नाही, अंगठा. कोणाच्या तरी मावसभावाच्या तेराव्याचा निरोप, अंगठा.

इथे माझ्याकडे दुपारची ड्यूटी आहे. नात मांडीवर झोपते, हात हलवायचा नाही. त्यामुळे सराव करता येत नाही. सूनबाई म्हणाली, पाळण्याच्या भिंतीवर बदक काढून द्याल का? काढलं. नात बदकाकडे बघते. सावलीकडे तिचं लक्ष नाही.

संध्याकाळी भाकरी करता करता करणची आई म्हणाली, "अहो, ते काय वाचलं का म्हणून विचारत होते तुम्ही फोनवर?"

बघितलं तिच्याकडे. कढई तिच्या समोर होती. नाव तोंडापर्यंत आलं होतं.

म्हणालो, "काही न्हाई. दुकानाचा बोर्ड होता."

ती म्हणाली, "बसा, वाढते."

जेवलो.

नंतर फोन बघितला. निजामभाईंनी फोटो पाठवलाय. लॅब, सात नंबर, माझं पान. आकडा त्र्याहत्तर. खालची ओळ मी लिहिलेली नाही. रेणुकाला सांगून टाकून घेतली असणार. ओळ सरकती, फोटो मध्येच निघाला, म्हणून अर्धीच आलीय: 'साहेबरावभाई, कधी ये'. पुढचं कडेला राहून गेलं.

लगेच उत्तर दिलं. कळवलं, दोन महिन्यांसाठीच आलोय.